जावयाच्या दुकानातला फंड

भाऊबीजेला मेहुणा ओवाळून घ्यायला बसलेला असताना जावयाने विनोद करू नये. पन्नाशी ओलांडली तरी हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःहून सुचावं इतका मी हुशार नाही.

सिडनीजवळच्या गिरावीनच्या आमच्या घरात पाट नाही. डायनिंगची खुर्ची भिंतीकडे सरकवायची, तिच्यावर शाल टाकायची, झाला पाट. त्यावर बायकोचा मोठा भाऊ बसला होता. त्याला आम्ही दोघंही दादाच म्हणतो. दादा पार पश्चिमेला, कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनियर आहेत. निम्मं आयुष्य जमिनीखाली काढलेला हा माणूस भाऊबीजेला मात्र पर्थमार्गे दोन विमानांनी सिडनीला येतो, ओवाळून घेतो, जेवतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. बायकोने ओवाळलं, दादांनी पाकिटासाठी खिशात हात घातला, आणि मी म्हणालो, "दादा, पाकीट काय घालताय, या वर्षी आमच्या नव्या फंडाचे युनिट घाला की ताटात."

सगळे हसले. दादाही हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कसला हो फंड, जावईबापू?"

तिथेच मी "काही नाही, बसा जेवायला" असं म्हणायला हवं होतं.

मी ऑस्ट्रेलियात आलो तो सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. फंडवाल्यांच्या सिस्टिम तपासता तपासता कधी त्यांच्यातच जाऊन बसलो ते कळलं नाही. आता एका लहानशा फंड कंपनीत नवे फंड बाजारात आणणाऱ्या टीममध्ये असतो. माझ्याकडे काम कागदपत्रांचं. तरी नातेवाइकांमध्ये बसलो की पैशाचं मलाच सगळं कळतं अशा थाटात बोलतो. त्या दिवशी तर श्रीखंड वाढून व्हायच्या आत सुरू झालो.

दादांना सांगितलं ते असं. तुम्ही एक डॉलर दिलात, आम्ही त्याचे शेअर्स घेतले. एरवी गोष्ट इथे संपते. आम्ही त्याच डॉलरच्या डोक्यावर आणखी एक डॉलर चढवतो. फ्युचर्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांना पूर्ण पैसे भरावे लागत नाहीत, थोडी अनामत ठेवली की भागतं, म्हणून हे जमतं. हा वरचा डॉलर वाऱ्याची दिशा बघून चालतो. सोनं, गहू, तेल, चलनं, काहीही असो. जे बरेच दिवस चढतंय ते घ्यायचं, जे उतरतंय ते विकायचं, आणि का चढतंय हे विचारायचं नाही. पूर्वी असलं काही फक्त मोठ्या संस्थांच्या आणि बड्या लोकांच्या वाट्याला यायचं. आम्ही ते ईटीएफमध्ये घातलं. म्हणजे कोणीही उठावं आणि शेअरबाजारात एखादा शेअर घ्यावा तसं फोनवरून घ्यावं.

"थोडक्यात काय, एकाच प्लॉटवर दोन मजले," मी म्हणालो. "खाली शेअर्स, वर ट्रेंड."

"वरचा मजला उन्हाळ्यात तापतो," पुऱ्या घेऊन येता येता बायको म्हणाली. ती असं मधेच बोलते. दादांनी मात्र मान डोलावली आणि विषय संपला, असं मला वाटलं.

इथे माझ्या सासरची एक रीत सांगायला हवी. जावयाचं दुकान असलं की माल तिथूनच घ्यायचा, भाव विचारायचा नाही आणि घेतलेला माल परत न्यायचा नाही. सासऱ्यांनी मोठ्या जावयाच्या दुकानातून जन्मभर न बसणारे शर्ट घेतले आणि घातलेसुद्धा. माझं दुकान नव्हतं, नोकरी होती, म्हणून मला या रीतीचा उपद्रवही नव्हता आणि फायदाही. उलट आमच्या बाजूला एक पॉलिसी विकणारे काका होते. ते फाटकाशी दिसले की आई आम्हाला "बाबा घरी नाहीत" म्हणायला पाठवायची. तसला माणूस आपण व्हायचं नाही, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

नाताळच्या सुमाराला दादांचा फोन आला. "घेतले बरं का तुमचे."

बहिणीसाठी चार युनिट घेतले असतील असं समजून मी थँक यू म्हणालो. मग कळलं, त्यांनी ते स्वतःसाठी घेतले होते. निवृत्तीसाठी साठवलेला सुपरचा पैसा ते स्वतःच सांभाळतात. त्यातला बराचसा आमच्या फंडात घातला होता. छातीत स्टेंट बसल्यापासून डॉक्टर म्हणत होते की आता जमिनीखाली उतरणं पुरे. मुलगी आणि नात ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला. वहिनींनी तिथे एक घर हेरून ठेवलेलं, खिडकीतून तळं दिसणारं. "म्हटलं थोडे वाढले तर घराचं भागेल, आणि मी वर येईन कायमचा," दादा म्हणाले.

मी फोन हातात धरून गॅरेजमध्ये उभा होतो. तिथला उकाडा एकदम जाणवेनासा झाला.

त्याचं कारण असं. या देशात फंड काढला की तो कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे कंपनीला लिहून द्यावं लागतं. आमच्या फंडाचं ते मी लिहिलं होतं. पोर्टफोलिओचा लहान हिस्सा म्हणून ठीक. पैसे लवकर लागणार असतील त्यांच्यासाठी नाही. मोठी घसरण सोसण्याची ताकद नसेल त्यांच्यासाठी नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा घासूनपुसून लिहिलं होतं की मला ते पाठ होतं. लिहिताना डोळ्यांसमोर माणूस नव्हता. आता त्या वाक्याला दादांच्या मिशा आल्या.

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. पण आमच्या धंद्यात लायसन्स नसलेल्याने कोणाला व्यक्तिशः सल्ला द्यायचा नसतो, कायदा तसा आहे, आणि ऑफिसात नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या कंप्लायन्सच्या बाईंनी आम्हाला ते इतक्यांदा बजावलंय की मी घरी भाजी निवडतानासुद्धा जपून बोलतो. म्हणून म्हणालो, "दादा, हे मी जनरल सांगतोय, पर्सनल नाही. साधारणपणे लोक यात थोडेच ठेवतात."

"तुम्ही मला जनरल कसं सांगणार?" दादा म्हणाले. "बहिणीचा नवरा आहात."

मी आणखी दोनदा तेच म्हणालो. त्यांना तो माझा विनय वाटला. तुमचं हे बरं आहे, म्हणाले, स्वतःच्या मालाची बढाई मारत नाही.

उन्हाळाभर फंड चढत राहिला. मी लहानपणापासून भित्रा. झोपाळा वर गेला की मी खाली बघतो. तरी दादांचा फोन आला की "बोला दादा" असं खणखणीत म्हणायचो. ते नातीचं सांगायचे, खाणीचं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आपलं दुकान जोरात आहे." आपलं हा शब्द ऐकला की मी घाईने पुन्हा नातीचं विचारायचो.

मग बाजार फिरला. शेअर्स पडले, ते पडतातच. आमची सगळी मांडणीच अशी की खालचा मजला हलला तर वरच्याने सावरावं. पण वरचा मजला ज्या दिशेला तोंड करून उभा होता, ती दिशाच त्या आठवड्यात उलटली. बरेच दिवस चढत आलेलं सगळं एका झटक्यात उतरायला लागलं आणि उतरत आलेलं चढायला लागलं. ट्रेंडच्या मागे चालणाऱ्याला वळण उशिरा दिसतं, हेही मीच लिहिलं होतं, धोक्यांच्या यादीत. एकाच दिवशी दोन्ही मजले हलले. ऑफिसात कोणी दचकलं नाही. बॉस म्हणाला, असं होतं, म्हणून तर लिहिलंय, नो वरीज. त्याचा मेहुणा त्यात नव्हता.

मी भ्यायला लागलो, आणि त्या भीतीला घरात, गाडीत, कुठेच सुट्टी नव्हती. पेंडल हिलच्या स्टेशनवर उभा असलो की फोन खिशात थरथरला असं वाटायचं; बघावं तर काही नाही. दुकानात ढोबळी मिरची घेताना अचानक दादांचा लिफ्टने खाली जातानाचा चेहरा दिसायचा, हेल्मेटखालचा, आणि तो चेहरा माझ्यामुळे आणखी किती वर्षं खाली जाणार आहे असं मनात यायचं. त्यांच्या छातीत काही झालं तर, इथपर्यंत विचार जायचा आणि पुढे जायला घाबरायचा. मिरची न घेताच मी घरी यायचो.

फोन मात्र खरंच यायला लागले. सुरुवातीला मी उचलले. "बोला दादा"चं "हां दादा" झालं. मग उचलायला उशीर व्हायला लागला. एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो आणि त्यांचा फोन आला. हात ओले. मी फोन वाजू दिला आणि मग मेसेज केला: मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. नंतर केला नाही. स्वतःला सांगितलं की आपण फंडवाल्यांपैकी आहोत, अशा वेळी नातेवाइकाशी काही न बोलणंच कायद्याला धरून आहे. कंप्लायन्सच्या बाईंचा इतका आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

त्यातच ऑफिसात एक नवी गोष्ट सुरू झाली. ईटीएफ कोणी विकायला आला तर समोर घेणारं कोणीतरी सतत उभं असावं लागतं. त्या कामासाठी एक फर्म नेमलेली असते. आमचा फंड नवा, लहान, रोजचे सौदे इतके तुरळक की जरा हालचाल झाली तरी लक्षात येते. त्या फर्मचा माणूस आमच्या बॉसला म्हणाला, कोणीतरी रोज सकाळी थोडं थोडं सोडतंय, मेट. एकदम नाही, अगदी जपून. विकणारा कोण हे आम्हाला दिसत नाही. फक्त विकतंय एवढं दिसतं.

बॉसने खांदे उडवले. मी मात्र त्याचा अर्थ लावत बसलो. एकदम विकणारा माणूस घाबरलेला असतो. असा जपून, रोज सकाळी, शिस्तीत विकणारा म्हणजे कोणीतरी जाणता, असं मी धरलं. त्याला काहीतरी कळलंय जे आम्हाला कळलेलं नाही. लोकांचा विश्वास उडतोय, फंड गुंडाळावा लागेल, आणि गुंडाळला तर दादांना नेमक्या खालच्या भावाला बाहेर पडावं लागेल. रोज सकाळी बाजार उघडला की मी स्क्रीनपाशी जाऊन त्या माणसाची वाट बघायचो. तो यायचाच. मी त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. त्याच काळात दादांचे फोन वाढले, आणि ते हवालदिल झाले असणार, म्हणून तर पुन्हा पुन्हा करताहेत, असं समजून मी फोनचा आवाज बंद करून टाकला.

शेवटी वहिनींनी बायकोला फोन केला. बोलणं बराच वेळ चाललं. मी दाराच्या अलीकडे उभा राहून ऐकत होतो, एकच वाक्य नीट ऐकू आलं, कारण बायकोने ते पुन्हा उच्चारलं: "तळ्याजवळचं घर राहू दे म्हणतोय दादा?"

मी तिथेच कपड्यांच्या बास्केटवर बसलो. बास्केट मोडली.

मग मी बायकोला सगळं सांगितलं, फंडाच्या कागदातल्या त्या वाक्यापासून रोज विकणाऱ्या माणसापर्यंत. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने लॅपटॉप उघडला आणि कालगुर्लीची दोन तिकिटं काढली. "फोनवर तुला जमत नाही ना, मग तोंडावर सांग," एवढंच म्हणाली.

पर्थपर्यंतच्या विमानात मी माफीची वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्य ऑफिसच्या कागदासारखं व्हायला लागलं: पूर्वीची कामगिरी ही पुढच्या कामगिरीची हमी नसते, वगैरे. पर्थहून पुढच्या छोट्या विमानात वाक्यंही संपली, नुसती भीती उरली. खाली लाल माती, आणि तिच्यात कुठेतरी दादांच्या खाणीचा खड्डा.

दादा विमानतळावर आले होते, कामावरचा नारिंगी शर्ट तसाच अंगावर. म्हणजे अजून उतरताहेत खाली, मी मनात म्हणालो. त्यांनी बहिणीच्या डोक्यावर टपली मारली, माझ्याकडे बघून नजर चुकवली. मी गुपचूप बॅगा गाडीत टाकल्या. घरी पोहोचेपर्यंत गाडीत बायकोच बोलत होती.

व्हरांड्यात चहा आला. वहिनी पोहे करायला आत गेल्या. दादा कपाकडे बघत होते, मी बशीकडे. आता बोलायचं असं ठरवून मी "दादा" म्हणालो, आणि नेमके तेव्हाच तेही "जावईबापू" म्हणाले. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं झालं. बायको म्हणाली, "दादा, तू मोठा आहेस, तू बोल."

"रागावू नका," दादा मला म्हणाले. "तुमच्या दुकानातला माल मी परत केला."

मला कळेना. ते खाली मान घालून सांगत राहिले. त्यांनी सगळे युनिट विकले होते. भाव पडला म्हणून नाही. पडतो कधी कधी, हे तुम्ही सांगितलंच होतं, म्हणाले. "पण तुम्ही 'बोला दादा' म्हणायचात, ते 'हां दादा' झालं. आवाज बारीक होत गेला. मी आपला बघत होतो. मग एक दिवस तुमचा मेसेज आला की मीटिंगमध्ये आहे. तो रविवार होता, जावईबापू. म्हटलं, जावई रविवारी खोटं बोलायला लागला, आता थांबायचं नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडेच बघत राहिलो.

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगायलाच तर फोन करत होतो. उचलाल तर ना." आता त्यांनी वर बघितलं. "जावयाकडून घेतलेलं परत करायचं म्हणजे काय सोपं आहे? आमचे बाबा ते शर्ट मरेपर्यंत घालत होते. आणि मला भीती तुमच्या नोकरीची. एवढे युनिट एकदम काढले आणि ऑफिसात कळलं की यांचाच मेहुणा पळाला, तर तुमची काय शोभा राहिली असती? म्हणून रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी थोडे थोडे विकत होतो. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

रोज सकाळी येणारा तो जाणता माणूस नारिंगी शर्ट घालून माझ्यासमोर चहा पीत होता.

मी हसलो की रडलो ते मला नीट आठवत नाही. दादांना सगळं सांगितलं: विकणाऱ्याचं नाव आम्हाला दिसत नाही, एकदम विकले असते तरी नोकरीला काही झालं नसतं, उलट तुमच्या त्या थोड्या थोड्याने माझाच जीव गेला. ते ऐकून दादा इतके ओशाळले की शेवटी मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

नुकसान झालं होतं, ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. थोडं थोडं विकण्यात भाव आणखी खाली गेला होता. दादांचे सगळे युनिट विकून झाल्यावर फंड थोडा सावरला. थांबले असते तर काय झालं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. भीतभीत मी एवढंच विचारलं की आता खाली किती दिवस.

"महिनाअखेर," दादा म्हणाले. "राजीनामा दिला की. नव्या पोराला काम समजावून देतोय, म्हणून जातो."

त्या दोन वाक्यांनी माझ्या छातीवरची शिळा हलली. सगळी हलली नाही, कारण वहिनी पोहे घेऊन बाहेर आल्या होत्या आणि घराचं त्यांनी सांगितलं. तळ्याकाठचं घर सोडलं. मुलीच्या मागच्या गल्लीत भाड्याने बघितलंय, छोटं. "खिडकीतून दिसणार होतं तळं, आता चालत जाऊन बघायचं," त्या पोहे वाढत म्हणाल्या. "डॉक्टरांनी यांना चालायलाच सांगितलंय." त्यांनी ते हसून म्हटलं, पण माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवायला विसरल्या. त्या कधी विसरत नाहीत.

परतीच्या विमानात मला खिडकी मिळाली. सुटका झाल्यासारखं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. जवळजवळ तीन हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाने माझ्या आवाजावरून ओळखलं की मी घाबरलोय, आणि त्यावर आपला जन्माचा पैसा हलवला. मग जिच्यासमोर मी रोज जेवतो तिला कसं कळलं नाही, असा प्रश्न मला पडला. मी तो बायकोला विचारला.

ती शेंगदाण्याचं पाकीट फोडत होती. "दादा लांब राहतो, त्याला फरक कळतो," ती म्हणाली. "तू कधी घाबरलेला नसतोस ते सांग. मागच्या महिन्यात डिशवॉशर वेगळा आवाज करायला लागला तेव्हाही तुझा चेहरा असाच होता. तुझ्या चेहऱ्याकडे बघून मी विकायला काढलं असतं, तर आज आपल्या घरात एक चमचा उरला नसता."